वेसाँ बेटावरची डॉक्टर

चि. मृणाल,


‘लामूर द्यून फाम’, म्हणजे ‘एका स्त्रीचे प्रेम’, हा झाँ ग्रेमियों यांचा चित्रपट फ्रान्समध्ये १९५४ साली पडद्यावर आला. निर्मिती फ्रेंच आणि इटालियन, छायाचित्रण लुई पाज यांचे. कथा घडते ब्रिटनीच्या किनाऱ्यापलीकडच्या वेसाँ बेटावर. फ्रान्सच्या पश्चिम टोकाला, अटलांटिक महासागरातले हे जेमतेम १५ चौरस किलोमीटरचे खडकाळ बेट. भोवती पाण्याचे जबर ओढ असलेले प्रवाह, धुके आणि दीपगृहे. त्या काळी समुद्र खवळला की किनाऱ्याशी संबंध तुटे; मग आजारी माणसाला आधार बेटावरच्या एकट्या डॉक्टरचाच असे. हे ध्यानात घेतले तरच या कथेचे वजन कळते.

म्हातारे डॉक्टर निवृत्त होतात आणि त्यांच्या जागी मारी प्रियर ही तरुण डॉक्टर येते. भूमिका मिशलिन प्रेल यांची. बाईमाणूस डॉक्टर म्हणून बेटकरी तिला बिचकतात. एका लहान मुलीला ती बरे करते, तेव्हा कुठे दारे उघडू लागतात. याच काळात आंद्रे हा इटालियन इंजिनिअर (मास्सिमो जिरोत्ती) कामानिमित्त बेटावर आलेला असतो. दोघांचे प्रेम जुळते. त्याला लग्न हवे आहे, पण मारीने डॉक्टरकी सोडावी ही त्याची अट आहे.

ग्रेमियों यांचा मोठेपणा असा की त्यांनी आंद्रेला खलनायक केलेले नाही. तो सरळ, मायाळू माणूस आहे. बायकोने घर सांभाळावे यात काही वावगे आहे असे त्याला वाटतच नाही. मारीचे मनही एकाच बाजूला झुकलेले नाही. आयुष्य शाळेला वाहिलेल्या शिक्षिका जेर्मेन (गाबी मोर्ले, अतिशय हृद्य काम) अविवाहित राहिल्या आणि तशाच जातात. त्यांच्या मरणाने मारी हादरते, आपल्याही वाट्याला हेच एकटेपण येईल या भीतीने लग्नाला राजी होते.

त्यानंतर येतो चित्रपटाचा कळसाचा प्रसंग. वादळी समुद्रातल्या दीपगृहात एक रखवालदार अत्यवस्थ होतो. त्याला हलवणे अशक्य, म्हणून मारीच तिथे पोहोचते आणि तिथेच शस्त्रक्रिया करते. हे दृश्य कामाच्या तपशिलांतून उभे राहते, आणि आपण कशासाठी घडलो आहोत हे मारीला त्या कामातच उमगते. अखेर आंद्रे बेट सोडतो, ती राहते. तिचे दुःख दिग्दर्शकाने जराही हलके केलेले नाही. काम की घर, हा प्रश्न फक्त तिलाच विचारला जातो, आंद्रेला कधीच नाही. चित्रपटाचे सगळे बळ या अन्यायाच्या जाणिवेत आहे.

डॉक्टरकी सोडण्याची आंद्रेची अट त्या काळी केवळ एका पुरुषाची लहर नव्हती. फ्रान्समध्ये स्त्रियांना मताधिकार मिळाला १९४४ साली. पण पत्नीच्या व्यवसायाला हरकत घेण्याचा पतीचा कायदेशीर हक्क १९६५ च्या कायद्यानेच गेला. ग्रेमियों यांनी १९४४ च्या ‘ल सिएल ए ताव्हू’मध्ये विमान चालवणारी विवाहिता रंगवली होती. तिथे नवरा तिच्या पाठीशी उभा राहतो. दहा वर्षांनी त्यांनी तोच विषय कठोरपणे तपासला. ‘लामूर द्यून फाम’ हा त्यांचा शेवटचा कथापट ठरला. पुढे त्यांनी लघुपट केले आणि १९५९ मध्ये त्यांचे निधन झाले.

तुझी,
मावशी