उशिरा जागं होणारं झाड

१७ मे, इलिनॉय. आज कोंब दिसला! परसातलं बाकी सगळं कधीच हिरवं झालं होतं, हीच जागा गप्प. प्रेअरीवरचं हे बटरफ्लाय मिल्कवीड उशिराच जागं होतं, हे ठाऊक असूनही जीव टांगणीला लागतोच.

तीन वर्षांपूर्वी बी ओल्या वाळूत मिसळून महिनाभर फ्रीजमध्ये ठेवलं होतं. थंडी सोसल्याशिवाय ते नीट रुजत नाही. पहिल्या वर्षी जेमतेम चार पानं. सगळा जोर खाली, सोटमुळात. म्हणूनच त्याला जागा बदललेली सोसत नाही. एक रोप मी तसंच गमावलं, त्याची हळहळ अजून जात नाही.

गेल्या जुलैत पहिल्यांदा फुललं. केशरी फुलं, पाच पाकळ्या खाली दुमडलेल्या, वर पाच इवल्या वाट्यांचा मुकुट. आपण मारुतीला जिच्या पानांची माळ घालतो, त्या रुईचंच हे भावंड. पान खुडलं तर रुईसारखा पांढरा चीक मात्र येत नाही. पानामागे मोनार्क फुलपाखराची अळी होती, काळ्या-पिवळ्या-पांढऱ्या पट्ट्यांची. कडेकडेने पान कुरतडत होती. मी कितीतरी वेळ तिथेच उकिडवी बसून राहिले.

कोंबाभोवती चार काटक्या रोवल्यात. पाणी घातलं नाही. त्याला कोरडी जमीनच मानवते.