मोठी घे, असं सगळे म्हणतात

खाऱ्या पाण्याचं ॲक्वेरियम ठेवणाऱ्या कुणालाही विचारा, एकच सल्ला मिळतो: मोठी टाकी घे. गोड्या पाण्यातले गप्पी-मॉली पाळून इकडे वळलेल्या माणसाला हे उलटं वाटतं. शिकाऊ माणसाने लहानापासून सुरुवात करायची असते ना? पण समुद्राचं गणित वेगळं आहे. पाणी जितकं जास्त, तितका त्यात झालेला बिघाड सावकाश पसरतो आणि तुम्हाला धावपळ करायला वेळ मिळतो.

माझी टाकी साठ लिटरची आहे. भंडाऱ्यात, घरातल्या सगळ्यात थंड खोलीत, गेली चार वर्षं. त्यात दोन क्लाउनफिश, थोडे मश्रूम आणि झोअँथिड जातीचे मऊ जीव, दोन गोगलगायी आणि भट्टीत भाजून केलेला कृत्रिम खडक. मार्चमध्ये नागपूरहून एकाचा निरोप आला. त्याची चार फुटी, तीनशे लिटरची टाकी होती. संप, स्किमर, दिवे, चिलर, स्टँड, सगळं मिळून पंचाहत्तर हजार. नवं घ्यायला गेलं तर एवढ्यात निम्मंही येत नाही. त्याची बदली झाली होती आणि त्याला महिनाअखेरपर्यंत उत्तर हवं होतं.

मी वही काढली.

समुद्राच्या एका लिटरमध्ये साधारण ३५ ग्रॅम क्षार असतात. म्हणजे माझ्या साठ लिटरमध्ये २.१ किलो. बाष्पीभवनात पाणी उडून जातं, मीठ तिथेच राहतं. मे महिन्यात पंखा लावून माझ्या टाकीतून दिवसाला दीड लिटर पाणी जातं, म्हणजे संध्याकाळपर्यंत खारटपणा ३५ वरून ३५.९ वर. रोज वर-खाली. प्रवाळ आणि त्यांच्या भावकीतले जीव अंगातलं मीठ बाहेरच्या पाण्याबरोबर जुळवून घेतात, त्यांना ही झुलवाझुलवी सोसत नाही. मोठ्या टाकीतून दिवसाला पाच लिटर गेलं तरी खारटपणा ३५.६ च्या आसपासच थांबतो. सल्ला देणारे खोटं बोलत नव्हते.

पंख्याचं जरा सांगते, कारण इथे विदर्भाला एक फायदा आहे आणि तो कुठल्याच व्हिडिओत नसतो. आपल्याकडची मेची हवा इतकी कोरडी की पाण्यावर नुसता पंखा मारला तरी ते दोन-तीन अंशांनी उतरतं. आपला डेझर्ट कूलर चालतो तेच तत्त्व. मुंबईच्या दमट हवेत हा प्रकार फारसा उपयोगाचा नाही, म्हणून समुद्राकाठच्या शौकीन लोकांना चिलर लागतोच आणि समुद्रापासून शेकडो किलोमीटरवर बसलेल्या मला बारा व्होल्टचे दोन पंखे पुरतात. निदान बाहेर ४२ असेपर्यंत. ४५ ला पंखे हात टेकतात. मग मी आरओच्या पाण्याच्या बाटल्या फ्रीझरमध्ये गोठवून टाकीत तरंगत ठेवते, दर तीन तासांनी एक. साठ लिटरला ही युक्ती पुरते. तीनशे लिटरला बर्फाचा कारखाना लागेल.

म्हणून चिलर. तो चालताना ४०० वॅट खातो. मेमध्ये दिवसाला दहा तास चालला तर चार युनिट, महिन्याला एकशे वीस. एवढी बिलं मी भरू शकते. प्रश्न लाइट जाण्याचा. एप्रिल-मेमध्ये संध्याकाळी वादळ येतं, कुठेतरी झाड तारांवर पडतं आणि रात्र अंधारात जाते. घरच्या इन्व्हर्टरची १५० एएचची बॅटरी कागदावर १.८ युनिट देते. चिलर, पंप आणि घरातला एक पंखा धरला तर प्रत्यक्षात तीन तास. त्यानंतर? मोठी टाकी हळू तापते हे खरं, पण एकदा तापली की हळूच निवते. आणि तिच्यात जीवही जास्त असतात, ते प्राणवायूही तेवढाच जास्त ओढतात. हा दुसरा भाग सल्ल्यात कुणी सांगत नाही.

मग पाणी. दर आठवड्याला दहा टक्के बदलायचं तर तीस लिटर. नळाचं पाणी चालत नाही, आरओचं लागतं, आणि माझं यंत्र एक लिटर शुद्ध पाण्यामागे दोन-अडीच लिटर बाहेर टाकतं. भंडाऱ्यात पाण्याबद्दल असं सहज बोलता येत नाही. आपल्याला वैनगंगेचं पाणी येतं. नागपूरचं सांडपाणी घेऊन नाग नदी कन्हानला मिळते, कन्हान वैनगंगेला, आणि १९८८ मध्ये पायाभरणी झालेल्या गोसीखुर्द धरणाचा फुगवटा ते सगळं आपल्या दारात धरून ठेवतो. ज्या गावात प्यायच्या पाण्यावरून मोर्चे निघतात तिथे मी क्लाउनफिशसाठी आठवड्याला सत्तर लिटर नालीत सोडायचं? लहान टाकीला हे बाहेर टाकलेलं पाणी लादी पुसण्यात आणि कुंड्यांत संपतं.

आणि बदललेलं खारं पाणी कुठे ओतायचं? तीस लिटर म्हणजे एक किलोच्या वर मीठ. वर्षाला पन्नास किलोचं पोतं.

"एवढं मीठ कुठी फेकशील?" आई म्हणाली. "परसात टाकू नोको. मागच्या खेपेला कढीपत्ता सुकला तो अजून उभा नाही राहिला."

तिचा दुसरा प्रश्न जास्त अडचणीचा होता. "लग्न झाल्यावर पेटी कोन नेईल, तू का मी?" मी हसले, पण तो प्रश्न खरा आहे. नीट सांभाळलेला क्लाउनफिश वीस वर्षंही जगतो. साठ लिटरची टाकी बादल्यांमध्ये भरून गाडीत मागच्या सीटवर नेता येते. तीनशे लिटर, खडक, काच, स्टँड मिळून चारशे किलोच्या पुढे जाणारी वस्तू नेता येत नाही. ती जिथे मांडली तिथे तुम्हीही मांडले जाता.

एवढं सगळं असूनही मी हो म्हणणार होते. खरंच. कारण चार फुटी टाकीत निळा टँग ठेवता येतो, आणि २००३ मध्ये 'फाइंडिंग निमो' आला तेव्हापासून डोरी आपल्याकडे असावी असं ज्यांना वाटत आलंय त्यांत मी आहे. पण निमो आणि डोरी दुकानात शेजारी असले तरी त्यांचा प्रवास एक नाही. क्लाउनफिश कैदेत अंडी घालतो. आपल्याच केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने विझिंजम आणि मंडपमच्या केंद्रांत त्याची पैदास करून दाखवली आहे, माझी जोडीही हॅचरीतली आहे. निळ्या टँगची पिल्लं माणसाच्या देखरेखीत पहिल्यांदा मोठी झाली ती फ्लोरिडात, २०१६ साली, आणि बाजारात मिळणारा टँग आजही बहुतेक वेळा समुद्रातूनच उचललेला असतो.

टाकी बघायला मी नागपूरला गेले. देखणी होती. पाण्यात निळा प्रकाश, प्रवाहात हलणारी टोकं, आणि मधोमध फांद्यांचे आणि मेंदूसारख्या वळ्यांचे दगडी प्रवाळ. आठ-दहा तरी असतील.

"हे पण सोबत येतील," तो म्हणाला. "यांचे वेगळे पैसे नको."

दगडी प्रवाळ, म्हणजे ज्यांच्यापासून रीफ बनते ते सगळे, २००१ पासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत. आमच्याकडे पहिली अनुसूची म्हणजे वाघ. कोका अभयारण्य शहरापासून विसेक किलोमीटरवर आहे, वाघाचं नख घरात सापडलं तर काय होतं हे इथे शाळकरी पोरांनाही माहीत असतं. प्रवाळाबद्दल कुणालाच माहीत नसतं, कारण ते पेटीत शोभेच्या दगडासारखं दिसतं. २०२० मध्ये मुंबईच्या कोस्टल रोडच्या वाटेत वरळी आणि हाजी अलीच्या खडकांवरच्या प्रवाळाच्या १८ वसाहती आल्या. सगळ्या मिळून घरातल्या एका पाटाएवढी जागा. त्या हलवायला महापालिकेला या कायद्याखाली परवानगी घ्यावी लागली आणि राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेला कामाला लावावं लागलं. ही माणसं वाटेतल्या १८ वसाहतींसाठी थांबली, आणि मी दहा वसाहती भाड्याच्या गाडीत घालून भंडाऱ्याला आणणार.

हे कुठून आले असं मी विचारलं. एका दुकानातून, दुकानात चेन्नईहून, त्याच्या आधी त्यालाही ठाऊक नव्हतं.

त्याचा युक्तिवाद मात्र पोकळ नव्हता. "समुद्रात तरी कुठे जगतायत?" तो म्हणाला. १९९८, २०१० आणि २०१६ च्या उष्णतेच्या लाटांनी लक्षद्वीपचे प्रवाळ पांढरे पडले. १९९८ ते २०२२ या काळात तिथलं जिवंत प्रवाळाचं आच्छादन सुमारे ३७ टक्क्यांवरून १९ टक्क्यांवर आलं. "माझ्याकडे पाच वर्षं जिवंत आहेत. तू नाही नेलेस तर दुसरा नेईल, नाहीतर मरतील."

बसमध्ये पूर्ण वेळ मी यावरच विचार करत होते. नेहमीच्या उन्हाळ्यापेक्षा समुद्र एखादा अंश जास्त तापला आणि काही आठवडे तसाच राहिला की प्रवाळ आपल्या अंगातलं शेवाळ बाहेर टाकतात आणि उपाशी पडतात. समुद्राला त्यासाठी आठवडे लागतात. माझ्याकडे मेच्या एका वादळी रात्रीत तेवढं होऊ शकतं. त्याची टाकी एसीच्या खोलीत होती, सोसायटीला जनरेटर होता. ते पाच वर्षं जगले यात तीनशे लिटरचा वाटा होताच, पण त्या जनरेटरचाही होता, आणि तो पंचाहत्तर हजारांत येणार नव्हता.

लाखनीच्या आसपास कुठेही उतरलात तर पाच मिनिटांत एखादी बोडी किंवा मामा तलाव लागतो. मामा म्हणजे माजी मालगुजारी. मालगुजारी १९५० च्या कायद्याने गेली, तलाव सरकारकडे गेले, नाव तेवढं राहिलं. हे तलाव बांधण्यात कोहळी समाजाचं कसब, त्यातली मासेमारी आणि शिंगाडा ढिवरांचा. कित्येक तलावांत पाणी होतं तेवढंच राहिलं आणि तरी गावठी मासे गेले, कारण काठ बेशरमीने भरले आणि पाण्याखालची गवतं संपली. मनीष राजनकर आणि त्यांच्यासोबतच्या ढिवर बायांनी, आता गोंदियात असलेल्या अर्जुनी मोरगावच्या बाजूला, बेशरम उपटून, कोरड्या तळाची नांगरट करून पुन्हा हायड्रिला, व्हॅलिसनेरिया लावलं तेव्हा मासे परतू लागले. व्हॅलिसनेरिया आपल्याला ॲक्वेरियमच्या दुकानात जुडीवर मिळतं ते हेच. आणि इकडे गोसीखुर्दमध्ये पाण्याला तोटा नाही, पण जलपर्णी आणि नागपूरचा मैला यांच्यामध्ये जाळं कुठे टाकायचं हा मासेमारांचा रोजचा प्रश्न आहे.

तर लिटर वाढवून काय वाढणार होतं? बिघाडाला लागणारा वेळ वाढणार होता, आणि तो वेळ वापरायला मी घरी असायला हवी. मी सकाळी साडेनऊला जाते, साडेसहाला येते. त्या नऊ तासांत साठ लिटरवर आई नजर ठेवू शकते. तिला रिफ्रॅक्टोमीटर वाचता येत नाही, पण काचेवरच्या मार्करच्या रेघेपर्यंत पाणी ओतता येतं, बाटली बदलता येते. मोठा मासा खाली बसून राहिला तर ती फोन करते. ("तुही ते मोठी रुसली वाटते.") मोठी म्हणजे मादी. क्लाउनफिशमध्ये आधी सगळे नर असतात, जोडीतला वरचढ मादी होतो. हे आईला सांगितल्यापासून तिचा त्या पेटीतला रस वाढला आहे. चार फुटी टाकी, तिचा संप, तिची पाइपलाइन, डोसिंगचे पंप यातलं काही बिघडलं तर तिने काय करायचं, हे मला कागदावर लिहून काढता येईना. मी प्रयत्न केला. दोन पानं झाली तेव्हा थांबले.

एकोणतीस तारखेला मी त्याला फोन केला. टाकी नको, प्रवाळ नको, चिलर एकट्याचे किती घेशील विचारलं. तो आधी चिडला, मग म्हणाला बारा हजार. आम्ही साडेदहावर आलो.

टाकी रायपूरच्या कुणीतरी नेली, प्रवाळांसकट. ते तिथे कसे आहेत हे विचारायला मी एकदा मेसेज टाइप केला आणि पाठवला नाही.

चिलर माझ्या टाकीला मोठा आहे, दहा मिनिटं चालतो आणि अर्धा-पाऊण तास गप्प बसतो. त्या हिशेबाने इन्व्हर्टरवर रात्र निघते. फ्रीझरमधल्या बाटल्या मी तरी काढलेल्या नाहीत. आईने त्यातल्या दोन बाजूला करून तिथे मटार ठेवलेत.