यंत्राची यादी आणि माझी चूक

वर्गशिक्षकाच्या टेबलावर जीं पुस्तकें असतात त्या सर्वांत हजेरीपटाइतकें नीरस पुस्तक दुसरें नाहीं, असें मला पुष्कळ वर्षें वाटत असे. रोज सकाळीं प्रार्थना आटोपली कीं नांवें वाचावयाचीं, ‘हजर’ ऐकावयाचें, खूण करावयाची आणि महिनाअखेर बेरीज जुळत नाहीं म्हणून कपाळास हात लावावयाचा, यापलीकडे त्या पुस्तकाशीं माझा संबंध नव्हता. परंतु याच हजेरीपटानें गेल्या वर्षीं मला एक धडा शिकविला. तो सांगण्यास मला थोडी लाज वाटते. तथापि तो तुम्हांस व तुमच्या आईबापांस सांगणें हें मी माझें कर्तव्य समजतों, म्हणून वार्षिकाच्या संपादकांनीं लेख मागितला तेव्हां दुसरा विषय शोधीत बसलों नाहीं.

गेल्या वर्षीं शाळा उघडल्यावर आमच्या संगणक-शिक्षकांनीं व दहावीच्या कांहीं विद्यार्थ्यांनीं एक उद्योग आरंभिला. कपाटांतील दहा वर्षांचे हजेरीपट व गुणपत्रकें बाहेर काढून तीं त्यांनीं संगणकांत उतरविलीं. नांवें गाळलीं. प्रत्येक मुलास एक क्रमांक दिला आणि त्यापुढें दर महिन्याची हजेरी, चाचण्यांचे गुण, घराचें शाळेपासून अंतर, आणि शेवटीं तें मूल पुढील वर्गांत गेलें कीं मध्येंच शाळा सोडून गेलें, एवढ्याच गोष्टी लिहिल्या. मग यंत्रास प्रश्न घातला कीं, मध्येंच शाळा सोडणाऱ्या मुलांचीं पूर्वचिन्हें कोणतीं?

या विद्येस हल्लीं डेटा मायनिंग, म्हणजे माहितीचें उत्खनन, असें म्हणतात. सराफकट्ट्यावरील धूळ गोळा करून, ती धुऊन तींतून सोन्याचे कण काढणारे झारेकरी तुमच्या आजोबांनीं पाहिले असतील. हें कामही त्याच जातीचें आहे. भेद इतकाच कीं, सोनें कसें दिसतें हें झारेकऱ्यास आधींच ठाऊक असतें, यंत्रास तें ठाऊक नसतें. त्याला पुष्कळ उदाहरणें व त्यांचा शेवट दाखवावा लागतो. कोणता प्रश्न विचारला असतां मुलांचे दोन गट अधिकांत अधिक स्पष्ट वेगळे होतात हें तें स्वतः हुडकून काढतें. ‘जुलै महिन्यांतील हजेरी निम्म्याहून कमी आहे काय?’ हा एक प्रश्न. उत्तर होय असल्यास दुसरा, नाहीं असल्यास तिसरा. अशा फांद्या फुटत जाऊन प्रश्नांचा एक वृक्षच तयार होतो, आणि नव्या मुलाची माहिती त्या वृक्षावरून खालीं सोडली कीं तें कोणत्या फांदीवर अडकतें यावरून यंत्र भविष्य वर्तवितें. कृत्रिम बुद्धिमत्ता या भारदस्त नांवाखालीं जें पुष्कळसें चालतें त्याचें हें अगदीं साधें रूप होय.

यंत्र नवें असलें तरी नोंदींतून सत्य शोधण्याची कल्पना जुनी आहे. १८५४ सालीं लंडन शहराच्या सोहो भागांत कॉलऱ्याची भयंकर सांथ आली. दूषित हवेनें हा रोग होतो अशी त्या काळच्या बहुतेक डॉक्टरांची समजूत होती. जॉन स्नो नांवाच्या डॉक्टरांनीं मृत्यूंची नोंद घराघरावार लावून पाहिली, तों ब्रॉड स्ट्रीटवरील एका सार्वजनिक पंपाभोवतीं मृत्यूंची दाटी झालेली त्यांस आढळली. ८ सप्टेंबर रोजीं त्या पंपाचा दांडा काढून टाकण्यांत आला. इतकी हकीकत पुष्कळ पुस्तकांत असते. मला तिच्यातील पुढचा भाग अधिक मोलाचा वाटतो. जीं घरें या नियमांत बसत नव्हतीं त्यांची स्नो यांनीं मुद्दाम चौकशी केली. पंपाजवळच एक अनाथ-आश्रयगृह होतें. तेथें ५०० हून अधिक माणसें राहत, पण मृत्यु पांचच झाले होते. चौकशी करितां कळलें कीं त्यांची विहीर स्वतंत्र होती. उलट कांहीं मैल दूर हॅम्पस्टेड येथें एक विधवा बाई कॉलऱ्यानें वारली होती. तिच्या घरीं विचारतां समजलें कीं, ब्रॉड स्ट्रीटच्या पाण्याची चव तिला आवडे म्हणून तें पाणी ती रोज गाडीनें आणवीत असे. नोंदवहीनें कोठें जावयाचें तें सांगितलें. पण कारण कळलें तें उंबरठा ओलांडल्यावर.

आज हेंच काम यंत्रें अफाट प्रमाणावर करितात, आणि तीं मनुष्याच्या फार उपयोगीं पडलीं आहेत हें प्रथम मान्य केलें पाहिजे. मधुमेहानें डोळ्याच्या आंतील पडद्यास इजा होऊन दृष्टि जाते. वेळीं ओळखल्यास बहुधा ती वांचवितां येते. २०१६ सालीं गूगलच्या संशोधकांनीं १,२८,१७५ छायाचित्रांवर यंत्रास शिकवून हा विकार नेत्रवैद्यांच्या तोडीनें ओळखून दाखविला. या कामांत अमेरिकेंतील छायाचित्रांबरोबर आपल्या देशांतील नेत्ररुग्णालयांचीही छायाचित्रें होतीं. प्रथिनांच्या रेणूची घडी कशी पडते हें कोडें सोडविणाऱ्या यंत्राबद्दल डेमिस हसाबिस व जॉन जम्पर या दोघांस २०२४ च्या रसायनशास्त्राच्या नोबेल पारितोषिकांत वाटा मिळाला. परंतु हींच यंत्रें प्रयोगशाळेबाहेर पडलीं कीं त्यांस जग भेटतें. तें डोळे तपासणारें यंत्र थायलंडमधील लहान दवाखान्यांत नेलें तेव्हां अपुऱ्या काळोखांत काढलेलीं सुमारें एक पंचमांश छायाचित्रें त्यानें परत केलीं, आणि दुरून आलेल्या रोग्यांस पुन्हां खेप घालण्याची पाळी आली. २०२० सालीं प्रसिद्ध झालेल्या निबंधांत ही हकीकत प्रांजलपणें दिलेली आहे.

असो. आमच्या यंत्रानें ऑगस्टमध्यें माझ्या आठवीच्या वर्गांतील अकरा मुलांची यादी दिली. प्रथम मला तिचें नवल वाटलें, कारण तींतील तीन मुलांविषयीं मला तिळमात्र शंका आली नव्हती. त्यांपैकीं एकाच्या घरीं गेलों. त्याची सायकल मोडली होती, दुरुस्तीस पैसे नव्हते, आणि चालत येण्यास उशीर होतो म्हणून शिक्षा चुकविण्यासाठीं तो घरींच राही. शिक्षा मींच ठेविली होती. सायकल दुरुस्त झाली, मुलगा येऊं लागला. यादीचें महत्त्व मला पटलें. आणि येथेंच माझ्या चुकीचा आरंभ झाला.

मी नवशिका असतांना आमच्या वृद्ध मुख्याध्यापकांनीं मला एक वळण लावलें होतें. पहिल्या सत्रांत वर्गांतील प्रत्येक मुलाच्या घरीं एकदां तरी जावयाचें. पंचवीस वर्षें होत आलीं, मी तें पाळीत आलों होतों. गेल्या वर्षीं मनांत आलें कीं, कोठें जावयाचें हें आतां यंत्रच सांगतें, तर उरलेल्या घरांचे उंबरठे कशाला झिजवा? अकरा घरीं गेलों आणि स्वस्थ बसलों.

दिवाळीची सुटी संपून शाळा उघडली. हजेरी घेतांना एका मुलीच्या नांवाला उत्तर आलें नाहीं. दुसऱ्या दिवशीं नाहीं, तिसऱ्या दिवशीं नाहीं. तिचें नांव येथें देत नाहीं. तीन वर्षें तिची हजेरी जवळजवळ पूर्ण होती, गुणही चांगले होते. यंत्राच्या वृक्षावर ती सर्वांत निर्धास्त फांदीवर बसलेली होती.

आमच्या भागांतून दसरा-दिवाळीच्या सुमारास ऊसतोडणीसाठीं कुटुंबेंच्या कुटुंबें साखर कारखान्यांकडे जातात, हें आमच्या वाचकांस सांगावयास नको. मुकादमाची उचल घेतलेली असते. नवराबायको मिळून एक ‘कोयता’ धरतात. ते परततात ते उन्हाळ्याच्या तोंडाशीं. या मुलीचे आईबापही दरवर्षीं जात. तरीही तिची हजेरी पूर्ण असे, कारण घरीं आजी होती. ती आजी श्रावणांत वारली. त्या वेळीं मुलगी चार दिवस आली नव्हती. यंत्रानें ‘चार’ हा आंकडा पाहिला व तो क्षुल्लक मानला. त्याला दोष कसा देऊं? त्याच्यापुढें आंकडाच होता. पण माझ्यापुढें चिठ्ठी होती. ‘आजी वारली म्हणून आलें नाहीं,’ असें तींत स्वच्छ अक्षरांत लिहिलेलें होतें. मीं ती वाचली, खालीं सही केली आणि पुढच्या मुलाचें नांव पुकारलें.

पुढें या विषयावर वाचीत असतां मला एक हकीकत सांपडली, आणि ती वाचून मी बराच वेळ पुस्तक मिटून बसलों. १९९० नंतरच्या दशकांत अमेरिकेंत न्युमोनियाच्या सुमारें १४,००० रोग्यांच्या नोंदींवरून यंत्रांस शिकविण्याचा प्रयोग झाला. कोणत्या रोग्यास धोका अधिक व कोणास घरीं पाठविलें तरी चालेल, हें यंत्रानें सांगावयाचें होतें. त्यांतील एका यंत्रानें असा नियम काढला कीं, ज्यास आधींपासून दमा आहे त्यास न्युमोनियापासून धोका कमी! डॉक्टर चकित झाले. विचारांतीं उलगडा झाला. दम्याच्या रोग्यास न्युमोनिया झाला म्हणजे त्यास तांतडीनें अतिदक्षता विभागांत नेत. तेथील शुश्रूषेमुळें तो वांचे. यंत्रास ‘वांचला’ हें दिसलें. शुश्रूषा दिसली नाहीं. त्या नियमावर विसंबून चाललें असतें तर ज्यांस शुश्रूषेची सर्वांत अधिक गरज तेच घरीं पाठविले गेले असते. त्या प्रयोगांत सर्वांत अचूक ठरलेलें यंत्र दुसरेंच होतें. पण त्याच्या पोटांत असले आणखी किती नियम लपले आहेत हें कोणासही पाहतां येईना, म्हणून तें बाजूस ठेविलें गेलें. रिच कॅरुआना व त्यांचे सहकारी यांनीं २०१५ सालीं ज्या यंत्राचे नियम मनुष्यास वाचतां येतात अशा पद्धतीचा पुरस्कार करितांना हें उदाहरण दिलें आहे.

माझ्या वर्गांतील ती मुलगी म्हणजे असाच दम्याचा रोगी होती, आणि तिची आजी हाच तिचा अतिदक्षता विभाग होता. हजेरीपटांत आजीचें फळ दिसत होतें. आजी दिसत नव्हती.

शाळांपुरतें बोलावयाचें तर अमेरिकेंतील विस्कॉन्सिन राज्यांत २०१२ च्या सुमारापासून असेंच यंत्र वापरण्यांत आलें. हें मूल शाळा वेळेवर पुरी करील कीं नाहीं, याचें तें भाकीत करी. ‘नाहीं’ असें यंत्रानें सांगितलेल्या चार मुलांपैकीं जवळजवळ तीन मुलें शाळा वेळेवर पुरी करीत, असें २०२३ सालीं पत्रकारांनीं उघडकीस आणलें. आणि हा खोटा शिक्का कृष्णवर्णीय व हिस्पॅनिक मुलांच्या कपाळीं अधिक बसत असे. त्याच वर्षीं दुसऱ्या संशोधकांनीं दाखविलें कीं, इतक्या वर्षांच्या भाकितांनीं शाळा पुरी करणाऱ्यांची संख्या वाढल्याचा पुरावा मिळत नाहीं. यादी हातीं आली म्हणून मदत पोहोंचली असें होत नाहीं, हेंच त्याचें तात्पर्य नव्हे काय?

त्या मुलीचा शोध लावण्यास मला बरेच दिवस लागले. मुकादमाच्या फोनवरून दुसऱ्या जिल्ह्यांतील एका कारखान्याच्या तळावर तिच्या वडिलांशीं बोलणें झालें. मी थोडा रागानेंच बोललों. त्यांनीं सर्व ऐकून घेतलें आणि एवढेंच विचारलें, “सर, म्हातारी गेली. आता पोरीला कुणापाशी ठेवायची?” या प्रश्नाचें उत्तर माझ्याजवळ होतें, आणि ऑगस्टपासून होतें. शाळेच्या मुलींच्या वसतिगृहांत त्या वेळीं एक खाट रिकामी होती. हें त्यांस ठाऊक नव्हतें. मला ठाऊक होतें, पण मी गेलोंच नव्हतों.

जानेवारींत मुलगी परत आली. तळावर ती धाकट्या भावास सांभाळीत होती व वाढ्यांच्या मोळ्या बांधीत होती. हातांवर उसाच्या पात्यांचे ओरखडे होते. आज ती नववींत आहे. गणितांत जें दोन महिन्यांचें खिंडार पडलें तें अद्याप भरलेलें नाहीं; शनिवारीं शाळा सुटल्यावर आम्ही दोघें तेंच भरीत बसतों. तिनें मला कधीं दोष दिला नाहीं. त्यामुळें माझें ओझें हलकें झालें असें मात्र नाहीं.

विद्यार्थिमित्रांनो, तुमच्यापैकीं कित्येक पुढें अशीं यंत्रें घडवितील, आणि तीं तुम्हीं घडवावीं अशी माझी इच्छा आहे. आमची यादी यंदाही निघाली, व मी ती आदरानें वाचली; सायकलवाला मुलगा मला तिच्यामुळेंच सांपडला. परंतु यंत्र निर्धास्त म्हणून सांगेल तेथें एकदां अधिक थांबून विचारा कीं, हें चांगलें फळ कोणाच्या कष्टांवर उभें आहे, आणि तो आधार उद्यां निघाला तर काय होईल?

पालकांस माझी एक विनंती आहे. रजेच्या चिठ्ठींत कारण लिहितां, तें मोकळेपणानें लिहा. घरांत जें बदललें तें कळवा. यंदापासून माझ्या खासगी वहींत प्रत्येक मुलाच्या नांवापुढें मीं पेन्सिलीनें एक रकाना आंखला आहे : ‘घरीं कोण असतें?’ हा रकाना मी संगणकांत घालणार नाहीं, कारण तो तुमच्या घराचा विश्वास आहे, आणि तो भरण्यास मला स्वतः तुमच्या दारीं यावें लागेल. यंदा सर्व घरें झालीं आहेत. तीन मात्र उरलीं आहेत. तेथें मी येत्या आठवड्यांत येतों.