मंगळाची स्वारी उतरली तो माळ

मुलांनो, साम्राज्य म्हटलं की तुमच्या डोळ्यांसमोर काय येतं? सम्राट अशोकाचं साम्राज्य, मुघलांचं साम्राज्य, नाहीतर ज्याच्यावर सूर्य मावळत नाही म्हणायचे ते इंग्रजांचं साम्राज्य. इतिहासाच्या पुस्तकात त्यांचे रंगीत नकाशे असतात आणि परीक्षेत त्यांच्या विस्ताराची कारणं लिहावी लागतात. पण एक साम्राज्य असं आहे, की त्याचा धडा तुमच्या कुठल्याच पुस्तकात सापडणार नाही. कारण ते कल्पनेतलं आहे आणि त्याची मायभूमी आहे चक्क मंगळ!

गंमत म्हणजे, साम्राज्य कल्पनेतलं असलं तरी त्याची पहिली स्वारी पृथ्वीवर जिथे उतरली, ती जागा मात्र अगदी खरी आहे. तिथे पायवाट आहे, झाडं आहेत, वाळूचा मोठा खड्डाही आहे. चला तर, आज आपण तिथे जाऊन येऊ. तिकीट नको की पासपोर्ट नको. आई-बाबांना जगाचा नकाशा तेवढा काढायला सांगा.

नकाशात इंग्लंड शोधा. लंडन सापडलं? तिथल्या वॉटर्लू स्टेशनवर आगगाडीत बसलं, की नैऋत्येला जाणारी गाडी सुमारे अर्ध्या तासात वोकिंग नावाच्या गावात पोचते. गाव तसं साधंच. दुकानं, बँका, ऑफिसला निघालेली माणसं. पण गावाच्या मध्यभागी आलं की पावलं थबकतात. समोर तीन लांबलचक पायांचं एक चकचकीत धूड उभं! सात मीटर उंच, म्हणजे दुमजली घराएवढं. घाबरू नका, ते पोलादाचं शिल्प आहे. मायकेल कॉन्ड्रन या शिल्पकाराने ते घडवलं आणि १९९८ मध्ये ते इथे उभं राहिलं. हाच मंगळवाल्यांचा लढाऊ तिपाया.

हा तिपाया ज्यांच्या डोक्यातून निघाला ते लेखक म्हणजे एच. जी. वेल्स. १८९५ साली ते वोकिंगमध्ये राहायला आले. मेबरी रोडवर, रेल्वेच्या रुळांसमोरच त्यांचं छोटंसं घर होतं. त्याच सुमारास ते सायकल शिकले. सायकलवर टांग मारायची आणि आसपासच्या वाड्या-वस्त्या पालथ्या घालायच्या, हा त्यांचा छंद. पण हे गृहस्थ नुसते फिरत नव्हते बरं का! फिरता फिरता ते मनात टिपून ठेवत, की आपल्या गोष्टीत हे घर पाडायचं, तो पूल उडवायचा, त्या रस्त्यावर आग लावायची. बिचाऱ्या शेजाऱ्यांना त्याचा पत्ताही नव्हता!

त्या कादंबरीचं नाव 'द वॉर ऑफ द वर्ल्ड्स', म्हणजे दोन जगांचं युद्ध. १८९७ मध्ये ती मासिकातून क्रमशः आली आणि १८९८ मध्ये पुस्तकरूपाने निघाली. आता गावाच्या उत्तरेला चालत जाऊ. कालवा ओलांडला की हॉर्सेलचा माळ लागतो. आपल्याकडे गावाचं गायरान असतं ना, सगळ्यांच्या मालकीचं? तशीच ही पूर्वीपासूनची सामायिक जमीन. पाइनची झाडं, हेदरची खुरटी झुडपं आणि मध्ये तो वाळूचा खड्डा. याच माळावर वेल्स यांनी मंगळाची पहिली स्वारी उतरवली.

आता त्या साम्राज्याचा इतिहास थोडक्यात ऐका. मंगळ हा पृथ्वीपेक्षा म्हातारा ग्रह, असं वेल्स सांगतात. तो थंड होत चालला, त्याची हवा विरळ झाली, समुद्र आटले. तिथल्या बुद्धिमान प्राण्यांपुढे प्रश्न पडला, आता जगायचं कसं? त्यांनी दुर्बिणी रोखल्या तर शेजारी आपली पृथ्वी दिसली. हिरवीगार, पाण्याने भरलेली. बस्स, ती घ्यायची ठरलं! तिथे कुणी राहतं का, त्यांना काय वाटेल, हा विचारच नाही. ओळीने दहा रात्री मंगळावर ज्वाळा उसळताना दिसल्या. एकेका ज्वाळेबरोबर एकेक प्रचंड नळकांडं पृथ्वीकडे निघालं होतं.

पहिलं नळकांडं या माळावर पडलं. बघायला गर्दी जमली. झाकण फिरून उघडलं. गावातली काही शहाणी माणसं पांढरं निशाण घेऊन पुढे झाली. आम्हीही विचार करणारे प्राणी आहोत, आपण बोलू या, एवढंच त्यांना सांगायचं होतं. उत्तर म्हणून खड्ड्यातून उष्णकिरण आला आणि ती माणसं जागच्या जागी जळून गेली. मग तिपाये उभे राहिले, शंभर फुटी. विषारी काळा धूर पसरला. तोफा निकामी झाल्या. साठ लाख लोक लंडन सोडून वाट फुटेल तिकडे धावत सुटले. त्या वेळी जगातलं सगळ्यात बलाढ्य शहर होतं ते!

एक गोष्ट तुमच्या लक्षात आली का? मंगळाच्या राजाचं नाव या कादंबरीत कुठेच नाही. तिथे राजा होता की मंत्रिमंडळ, हुकूम कुणी दिला, काहीच कळत नाही. ज्यांच्यावर स्वारी येते त्यांना ते कुठे कळतं? त्यांना कळतं एवढंच, की आभाळातून काहीतरी पडलं आणि आपलं घर गेलं.

घरांवरून आठवलं. वोकिंग स्टेशनजवळ हिरव्या घुमटाची एक देखणी मशीद आहे. ती १८८९ साली बांधली. नमाजासाठी मुद्दाम बांधलेली ही ब्रिटनमधली पहिली मशीद. आणि तिचं नाव काय माहीत आहे? शाहजहान मशीद! ताजमहालवाला शाहजहान नव्हे हं. भोपाळच्या राज्यकर्त्या शाहजहान बेगम यांनी तिच्यासाठी मोठी देणगी दिली होती. लाहोरच्या कॉलेजात प्राचार्य म्हणून काम केलेल्या लाइटनर नावाच्या विद्वानाने ती उभारली. वेल्स यांनी हल्ल्यात हिलाही सोडलं नाही. मंगळवाल्यांच्या तडाख्यात मशिदीचं शिखर नाहीसं होतं, असं त्यांनी लिहिलं आहे. खरी मशीद मात्र आजही ठणठणीत उभी आहे.

आता तुम्ही विचाराल, स्वतःच्याच गावाची अशी राखरांगोळी करावी असं वेल्स यांना का वाटलं? त्याचं उत्तर एका गप्पेत आहे. वेल्स आणि त्यांचा भाऊ फ्रँक एकदा याच भागात फिरत होते. बोलता बोलता टास्मानियाचा विषय निघाला. ऑस्ट्रेलियाच्या दक्षिणेचं हे बेट तुमच्या नकाशात आहे, शोधा. १८०३ साली इंग्रजांनी तिथे वसाहत केली. हजारो वर्षं तिथे नांदणाऱ्या मूळ रहिवाशांची पुढच्या पन्नास वर्षांत दाणादाण उडाली. बंदुका, हद्दपारी आणि नवे रोग यांपुढे ते टिकू शकले नाहीत. फ्रँकच्या मनात आलं, असेच कुणी आभाळातून इथे उतरले तर? वेल्स यांनी ती कल्पना उचलली आणि पुस्तक भावालाच अर्पण केलं. पहिल्याच प्रकरणात ते वाचकांना टास्मानियाची आठवण करून देतात आणि विचारतात, की आपण जे केलं तेच मंगळवाल्यांनी केलं, तर तक्रार कुठल्या तोंडाने करायची?

इथे एक दुरुस्ती करायला हवी. टास्मानियाचे मूळ लोक पार संपले, असं वेल्स यांनी लिहिलं. त्या काळी सगळे तसंच समजत. पण ते खरं नव्हतं. त्यांचे वंशज आजही तिथे आहेत. जुन्या नोंदींतले शब्द गोळा करून त्यांनी आपली हरवलेली भाषा पुन्हा जुळवली आहे. ती ते मुलांना शिकवतात. तिचं नाव 'पलावा कानी'.

आणि १८९७ हे साल तरी काय साधं होतं! २२ जूनला लंडनमध्ये व्हिक्टोरिया राणीच्या कारकिर्दीला साठ वर्षं झाली म्हणून मोठी मिरवणूक निघाली. जगाचा जवळजवळ चौथा हिस्सा तिच्या राज्यात होता. त्याच दिवशी रात्री आपल्या पुण्यात काय घडलं, हे तुम्ही इतिहासात शिकला असाल. प्लेगच्या तपासणीसाठी गोरे सोजीर घराघरांत घुसत होते. लोक संतापले होते. त्या रात्री गणेशखिंडीच्या रस्त्यावर चापेकर बंधूंनी प्लेग अधिकारी रँडवर गोळ्या झाडल्या. तिकडे लंडनचा वाचक त्याच वर्षी मासिकात परक्यांच्या स्वारीची गोष्ट वाचत होता आणि त्याच्या अंगावर काटा येत होता. पुण्याच्या माणसाला परकी स्वारी समजून घ्यायला मंगळापर्यंत जायची गरज नव्हती!

आता माळाच्या एका कोपऱ्यात चला. इथे विटांची भिंत आहे आणि घुमटाची कमान आहे, अगदी आपल्याकडच्या इमारतींसारखी. पहिल्या महायुद्धात हिंदुस्थानातून दहा लाखांहून अधिक लोक परदेशी पाठवले गेले. जखमी झालेल्या कितीतरी जणांना उपचारांसाठी ब्रायटनला आणलं. त्यांत जे दगावले, त्यांतल्या हिंदू आणि शीख सैनिकांचं दहन ब्रायटनजवळच्या टेकडीवर झालं. मुसलमान सैनिकांसाठी इथे, हॉर्सेलच्या माळावर, दफनभूमी केली. कारण मशीद जवळ होती. पुढे, १९६८च्या सुमारास, या कबरी जवळच्या ब्रुकवुडच्या सैनिकी दफनभूमीत हलवल्या. २०१५ मध्ये जुन्या जागेवर शांतिबाग तयार झाली. इथे ज्यांना पुरलं होतं त्या २७ सैनिकांची नावं तिथे दगडावर कोरली आहेत आणि त्यांच्या आठवणीसाठी हिमालयातल्या भूर्जवृक्षांची २७ झाडं लावली आहेत.

बघा मुलांनो, एकाच माळावर दोन साम्राज्यांच्या खुणा! एक मंगळाचं, खोटं. दुसरं इंग्रजांचं, खरं. खोट्या साम्राज्याचा खड्डा बघायला लोक लांबून येतात. पण या बागेतली नावं थांबून वाचावीत अशी आहेत. परक्यांच्या युद्धासाठी घरापासून हजारो मैलांवर येऊन मेलेली ही माणसं. त्यांची गोष्ट कल्पनेतली नव्हती.

मंगळाच्या साम्राज्याचं पुढे काय झालं? ते तोफांनी हरलं नाही. सुमारे तीन आठवड्यांनी लंडनच्या प्रिमरोज हिल नावाच्या टेकडीवर तिपाये निश्चल उभे दिसले. आतले मंगळवाले मरून पडले होते. त्यांना मारलं होतं डोळ्यांना न दिसणाऱ्या जंतूंनी! आपल्या शरीराला हजारो पिढ्यांत ज्यांची सवय झाली, ते जंतू त्यांना नवीन होते. पृथ्वीवर खरं घडलं ते बहुधा याच्या उलट. अमेरिकेत युरोपीय लोक गेले तेव्हा त्यांनी नेलेल्या देवीसारख्या रोगांनी तिथले मूळ लोक असंख्य मेले. आणि मंगळवाले एवढ्यावर थांबले असं समजू नका. कादंबरीच्या शेवटी एक शास्त्रज्ञ म्हणतो, की ते शुक्रावर उतरले असावेत. साम्राज्यांना थांबायची सवय नसते.

खऱ्या मंगळावर असे कुणी नाहीत, हे आता आपल्याला ठाऊक आहे. १९६५ मध्ये मरिनर-४ हे अमेरिकी यान जवळून गेलं, तेव्हा फोटोत दिसली उजाड जमीन आणि विवरं. ५ नोव्हेंबर २०१३ला आपलं मंगळयान श्रीहरिकोट्याहून निघालं आणि २४ सप्टेंबर २०१४ला मंगळाभोवती फिरू लागलं. २०२२ मध्ये त्याचा संपर्क तुटला, पण ठरवलं होतं सहा महिन्यांचं काम आणि ते चाललं कितीतरी वर्षं.

म्हणजे पारडं फिरलं की नाही? मंगळावरून इथे कुणी आलंच नाही. इथून तिथे जाणारे आपणच! म्हणून जगातल्या देशांनी आधीच एक करार करून ठेवला आहे. १९६७ साली तो अमलात आला. चंद्रावर, मंगळावर किंवा कुठल्याही ग्रहावर कोणत्याही देशाला 'हे माझं राज्य' असं म्हणता येणार नाही, असं त्यात लिहिलं आहे. भारतासह शंभराहून अधिक देशांनी तो मान्य केला आहे. इथली घाण तिकडे पसरू नये याचीही काळजी घ्यायची आहे. म्हणून मंगळावर उतरणारी यानं आधी कसून निर्जंतुक करतात.

करार कागदावर असतात. ते पाळणारी माणसं लागतात. मंगळावर पहिलं पाऊल टाकणाऱ्यांत उद्या कदाचित तुमच्यापैकीच कुणी असेल. तिथे समोरून पांढरं निशाण घेऊन कुणी येणार नाही. तरीसुद्धा झाकण उघडण्याआधी हॉर्सेलच्या माळाची एकदा आठवण काढा, एवढंच सांगायचं होतं.