उघडी तुळई

बडोद्यातील आमचे जुने घर सहा खणी. दोन तुळयांमधील जागा म्हणजे खण. घराचे मापच मुळी त्याच्या सांगाड्यावरून घेतले जाई. उताणे पडून कडीपाटाच्या कड्या मोजता मोजता आम्हा भावंडांना झोप लागे. कोणता भार कोणत्या खांबावर उतरतो, हे कोणी शिकवावे लागले नाही.

पुढे आम्हांलाच त्या काळवंडलेल्या लाकडाची लाज वाटू लागली. प्लायवूडचे गुळगुळीत छत ठोकून आम्ही ते झाकून टाकले. काही वर्षांनी एका पावसाळ्यात त्या छताला फुगवटा आला. सुताराने फळी उचकटली, तो मधल्या तुळईचा भुगाच त्याच्या ओंजळीत आला. वाळवीने ती आतून पोखरली होती. पूर्वी जमिनीवर चिमूटभर भुकटी दिसली, तरी आजी शिडी मागवीत असे. आम्ही ती भुकटी दिसण्याची वाटच बंद केली होती.

त्याच सुमारास अहमदाबादची भारतीय व्यवस्थापन संस्था पाहण्याचा योग आला. लुई कान या अमेरिकन वास्तुशिल्पज्ञाकडे १९६२ मध्ये तिचे काम आले. तेथील विटांवर गिलावा नाही. रुंद, उथळ कमान दोन्ही टोकांना बाहेर रेटा देते. ती टोके बांधून ठेवणारी काँक्रीटची आडवी पट्टीही उघडीच आहे. वीट दाब सोसते, काँक्रीटमधील लोखंड ताण सोसते; कोणाचे काम काय, ते भिंतच सांगते. आम्हांला आमचा कडीपाट आठवला.

परंतु प्रामाणिक वास्तू अमर नसते. तेथील विटा झिजल्या, २००१ च्या भूकंपाचाही मार बसला. वसतिगृहे पाडण्याचा निर्णय २०२० मध्ये जाहीर झाला, जगभरच्या विरोधानंतर मागे घेतला गेला, आणि २०२२ मध्ये संस्थेने पुन्हा नव्या बांधणीचीच वाट धरली. उघडेपणा दुखणे टाळीत नाही, दाखवितो. उपचार माणसांनीच करावयाचा असतो.

आमच्या घरी लोखंडी गर्डर बसवावा लागला. मिस्त्री म्हणाला, "वरून सागाची फळी मारून देतो, जुन्यासारखंच दिसेल." घरात दोन दिवस वाद झाला. अखेर आईने निकाल दिला, "झाकलं म्हणून तर लाकूड गेलं. लोखंड आहे, ते लोखंडच दिसू दे."

गर्डर सुंदर दिसतो, असे आम्ही म्हणणार नाही. मात्र दर दिवाळीला शिडी लावून त्यावर गंज चढला आहे का, हे आम्ही पाहतो.