एकाच चासीच्या तिघी

दारात जुनी मोटार असली की पाहुण्यांचा पहिला प्रश्न, "ॲव्हरेज किती देते हो?" आणि दुसरा, "पार्ट कुठून आणता?" पहिल्याचं उत्तर मी चहा पुढे करून टाळते. दुसऱ्याचं मात्र सांगण्यासारखं आहे.

मैत्रिणींनो, आमची डॉज किंग्जवे १९५१ सालची. मामंजींनी जुनी म्हणूनच घेतली होती. सोलापूरच्या वालचंद हिराचंदांच्या प्रीमियर कंपनीने १९४७ पासून कुर्ल्याच्या कारखान्यात डॉज, डिसोटो आणि प्लिमथ या गाड्या जोडून विकल्या. नावं तीन, तोरा तीन तऱ्हांचा; पण किंग्जवे अंगाने प्लिमथच, आणि डिसोटो डिप्लोमॅटही तीच! चासी तीच, सहा सिलिंडरचं इंजिनही त्याच घराण्यातलं. फरक पुढच्या जाळीचा, बिल्ल्यांचा. एकाच ताग्यातली तीन पोलकी, एकीला लेस, दुसरीला पायपिंग, असं समजा.

हे कळलं की अर्धी डोकेदुखी जाते. "डॉजचा पार्ट नाही" म्हटलं, की "प्लिमथचा बघा" म्हणायचं. ब्रेकचं सामान, स्प्रिंगा निमूट बसतात. जाळी आणि बिल्ले तेवढे जपायचे.

खरी काळजी चासीचीच. आमचं गुंजवणे राजगडाच्या पायथ्याशी. पावसाळ्यात पापडसुद्धा सादळतात, तिथे लोखंडाची काय कथा! गाडीवर प्लास्टिक कधी टाकू नका, आत दमट राहून गंज धरतो. सुती आच्छादन घाला. आणि नसरापूर, मार्गासनीकडून चिखलातून आलात, तर आधी गाडीचं पोट धुवा, टप नंतर.

मध्यंतरी एका गॅरेजवाल्याने सुचवलं, डिझेल इंजिन बसवू, चासी जराशी कापावी लागेल. हे विरघळलेच होते. म्हटलं, "अहो, २०२१ चा नियम वाचा." पन्नास वर्षांवरच्या मोटारीला व्हिंटेज नोंदणी मिळते, पण चासी, बॉडी, इंजिनात मोठा बदल केलेला नसला तरच. कापाकापी तिथेच थांबली.

आता घोळ वेगळाच. तशी नोंदणी केली की गाडी रोजच्या वापराला काढता येत नाही. प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती, पेट्रोल एवढ्यापुरतीच रस्त्यावर. नणंदबाई म्हणतात, करून टाका. सासूबाईंचा एकच प्रश्न, "मग मी माहेरी कशातून जाऊ?"

फॉर्म आणून महिना झाला. सासूबाईंनी त्यावर अडकित्ता ठेवलाय, आणि तो उचलायची आमच्यापैकी कुणाची छाती नाही.