मनगटावरचं घड्याळ : मुकादम की साक्षीदार?

गेलं वर्षभर मी पावलं आणि झोप मोजणारं घड्याळ वापरते आहे. दीड-दोन हजारांचं, साधंच. मोबाईलला जोडलं की दिवसात किती चालले, नाडीचे ठोके किती पडले, रात्री किती वेळ झोपले, सगळं दाखवतं. सेनगावच्या एका बैठकीत एका तरुण कार्यकर्त्यानं ते पाहिलं आणि म्हणाला, "ताई, हे शहरातल्या पोट सुटलेल्या लोकांचे चोचले. आपल्या माणसाचं आयुष्य चालण्यातच जातं. त्याची पावलं कशाला मोजायची?" सगळे हसले. पण हा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. त्याचं अर्धं म्हणणं खरं आहे आणि उरलेलं अर्धं आपल्याला महागात पडणारं आहे. म्हणून जरा सविस्तर लिहिते.

पेशवाईतल्या पुण्यात अस्पृश्याला कमरेला झाडू बांधून, आपलीच पावलं पुसत चालावं लागे, हे बाबासाहेबांनी 'जातिनिर्मूलन' या १९३६ च्या ग्रंथात नोंदवून ठेवलं आहे. ज्यांच्या पावलाचा ठसासुद्धा जमिनीवर राहू द्यायचा नव्हता, त्यांच्या लेकीबाळींची पावलं आज मोजली जातात. पण एवढ्यानं हुरळून जायचं कारण नाही. कोण मोजतो, कशासाठी मोजतो आणि तो आकडा शेवटी कुणाच्या हातात जातो, हे तीन प्रश्न विचारल्याशिवाय कुठलीही मोजणी चांगली की वाईट हे ठरत नाही.

माझ्या मायनं पहिल्याच दिवशी विचारलं, "गंडेदोरे आपण कधीचे काढून फेकले, अन् तू हे काय बांधून आलीस?" तिचं बरोबर होतं. नुसत्या विश्वासावर वापरलं तर हेही एक ताईतच. कालाम सुत्तात भगवान बुद्धांनी सांगितलं आहे की ऐकीव आहे, ग्रंथात आहे किंवा सांगणारा मोठा आहे, एवढ्यावरून काही मानू नका, स्वतः पारखून घ्या. तेव्हा मी घड्याळच पारखायला घेतलं.

पहिली पारख दहा हजार पावलांची. हा आकडा घड्याळात आधीच भरलेला असतो आणि तो डॉक्टरांनी ठरवला असावा असं आपल्याला वाटतं. तो आला जपानमधून. १९६४ च्या टोकियो ऑलिम्पिकनंतर तिथं चालण्याची हवा होती. १९६५ मध्ये यामासा नावाच्या कंपनीनं पावलं मोजणारं यंत्र बाजारात आणलं आणि त्याचं नाव ठेवलं 'मानपो-केई', म्हणजे दहा हजार पावलांचं मीटर. मूळ आकडा असा विक्रीसाठी निवडलेला. चालण्याचा फायदा खराच आहे, पण पुढं झालेल्या मोठ्या अभ्यासांत असं दिसलं की साठीच्या पुढच्यांना साधारण सहा ते आठ हजार पावलांपर्यंत फायदा वाढत जातो, मग तो थबकतो. दहा हजार झाले नाहीत म्हणून कुणी खंतावण्याची गरज नाही.

दुसरी पारख घरातली. घड्याळ मायच्या उजव्या हातात बांधलं. ती चुलीपुढं बसून भाकरी थापत होती आणि घड्याळात पावलं वाढत होती! मग तेच घड्याळ डाव्या हातात बांधून ती दुसऱ्याच्या सोयाबीनमध्ये खुरपणीला गेली. सकाळी नऊ ते संध्याकाळी पाच, उकिडवं बसून, इंचाइंचानं पुढं सरकत. घड्याळ मात्र मधूनमधून थरथरून तिला सांगत होतं, "बराच वेळ बसलात, आता उठा, थोडं चाला." संध्याकाळी पावलं भरली तीन हजारांच्या आतबाहेर. डोक्यावर गवताचा भारा आणि तो धरायला वर गेलेला हात, तेव्हाही तेच झालं. हाताला झोका नाही म्हणून पाऊल कमी मोजलं जातं.

यात चमत्कार नाही. घड्याळाच्या पोटात हालचाल ओळखणारा एक सेन्सर असतो. हात ठरावीक तालात हलला की त्याला ते पाऊल वाटतं. पाठीमागचा हिरवा दिवा कातडीवर प्रकाश टाकून रक्ताच्या प्रवाहावरून नाडी ओळखतो. झोपेचा अंदाजही या दोन्हींवरूनच. झोपेचे टप्पे नीट मोजायचे तर प्रयोगशाळेत डोक्याला तारा लावून मेंदूच्या लहरी पाहाव्या लागतात. घड्याळाला ते जमत नाही. मी जागीच, पण हालचाल न करता पडून राहिले, तर तेही ते झोपेतच धरतं. म्हणून 'गाढ झोप इतकी, स्वप्नाची झोप इतकी' हे आकडे मी बघत नाही. किती वाजता पडले, किती वाजता उठले, एवढंच बघते. तेवढं बऱ्यापैकी बरोबर येतं.

आता मुख्य मुद्दा. 'आपली माणसं चालतातच, त्यांना व्यायामाची काय गरज' हे वाक्य आपल्याच घरात शेकडो वेळा ऐकलं आहे. ते शास्त्राच्या कसोटीवर टिकत नाही. डेन्मार्कमधले आंद्रेआस होल्टरमन आणि त्यांचे सहकारी बरीच वर्षं यावर काम करत आहेत. कोपनहेगनमधल्या एक लाखाहून जास्त लोकांचा त्यांचा अभ्यास २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. फावल्या वेळात स्वखुशीनं केलेल्या हालचालीनं हृदयविकाराचा धोका कमी होतो, पण कामावर पोटासाठी केलेल्या जड कष्टानं तो वाढतो, असं त्यात दिसलं. कारण उघड आहे. व्यायाम थोडा वेळ चालतो, दमलं की थांबता येतं, नंतर विश्रांती असते. मजुरी तासन् तास चालते, ओझं कुणी दुसऱ्यानं ठरवलेलं असतं आणि थांबायचं कधी तेही. शरीराला सावरायला वेळच मिळत नाही. दोघांच्या घड्याळात पावलं आठ हजारच दिसतील. एकाच्या हृदयाला त्यातून बळ मिळेल, दुसऱ्याचं हृदय त्याच आठ हजारांत झिजेल.

पावलांमधला हा फरक घड्याळाला कळत नाही. तो आपल्याला कळला पाहिजे. यूएन विमेनच्या २०१८ च्या अहवालात दिलं आहे की भारतातल्या दलित स्त्रीचं मृत्यूचं सरासरी वय वरच्या जातींतल्या स्त्रीपेक्षा १४.६ वर्षांनी कमी आहे. ती बाई चालायला कमी पडत नव्हती. तिला पोषण, पाणी, दवाखाना कमी पडला, आणि विश्रांतीही कमी पडली.

झोपेचंच बघा. घड्याळ रोज सकाळी सल्ला देतं, "रात्री लवकर झोपा, झोपेची वेळ ठरवून घ्या." आमच्या वस्तीतला एक पोरगा सालगडी आहे. शेतीपंपाची थ्री फेज लाईट पाळीनं येते, एक आठवडा दिवसा, एक आठवडा रात्री. रब्बीत रात्रीची पाळी आली की हा हरभऱ्याला, गव्हाला पाणी द्यायला बॅटरी घेऊन थंडीत उभा. साप-विंचू वेगळेच. पहाटे येऊन तासभर पडतो की मालकाचं शेणघाण करायला हजर. त्याला कुठलं घड्याळ सांगणार झोपेची वेळ ठरव म्हणून? ऊसतोडीला गेलेल्या जोडप्याचंही तेच. नवरा-बायको मिळून एक कोयता, उचल आधीच घेतलेली, पहाटे अंधारात फडावर जायचं आणि ट्रॅक्टर भरायला मध्यरात्री आला तर मध्यरात्री उठायचं. त्यात बाईला भाकरीसाठी अजून तासभर आधी. देशाच्या २०२४ च्या वेळ-वापर सर्वेक्षणात घरातली बिनपगारी कामं करणाऱ्या बाईचे रोज सरासरी २८९ मिनिटं जातात, पुरुषाची ८८. 'लवकर झोपा' म्हणणाऱ्यानं गृहीत धरलेलं असतं की वेळेची मालकी तुमच्याकडं आहे.

इथं मला सोण कोळिविसाची गोष्ट आठवते. श्रीमंत घरातला, नाजूक पायाचा हा तरुण भिक्खू झाला आणि इतका चंक्रमण करू लागला की पाय फुटून चालण्याची वाट रक्तानं माखली. तेव्हा भगवंतांनी त्याला वीणेच्या तारेचं उदाहरण दिलं. तार फार ताणली तरी सूर नाही, फार सैल सोडली तरी नाही. एवढी गोष्ट आपल्या प्रत्येक धम्मप्रवचनात येते. तिचा पुढचा भाग कमी सांगितला जातो. भगवंतांनी सोणाला चप्पल वापरायची परवानगी दिली. सोण म्हणाला, मला एकट्याला नको, सगळ्या संघाला मिळणार असेल तर घालीन. आणि विनयात सगळ्या भिक्खूंसाठी चपलेची मोकळीक झाली.

घड्याळाच्या बाबतीत मला नेमकं हेच म्हणायचं आहे. दमलेल्या माणसाला 'बेतानं घे' असा सल्ला देऊन भागत नाही, सगळ्यांना लागू होईल असा नियम लागतो. बाबासाहेबांनी व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात मजूरमंत्री असताना तेच केलं. १९४६ च्या कारखाने दुरुस्ती कायद्यानं बारमाही कारखान्यांतला आठवडा ५४ तासांवरून ४८ तासांवर आला. आपण जयंतीला सलग अठरा तास अभ्यासाचे उपक्रम घेतो, आणि ते घ्यावेतच. पण स्वतः अठरा-अठरा तास वाचणाऱ्या बाबासाहेबांनी कामगाराचे तास मात्र कमी करायला लावले, हेही त्या पोरांना सांगितलं पाहिजे. सालगड्याला आणि ऊसतोड्याला त्या ४८ तासांचा कायदा आजही लागू नाही.

आता दुसरी बाजू. नागपूर महापालिकेनं सफाई कामगारांच्या मनगटावर जीपीएस घड्याळं बांधली. नवी मुंबईत, चंदीगडला, हरियाणातल्या पंचकुल्यातही तेच झालं. कोण कुठं उभा आहे, किती वेळ थांबला, हे अधिकाऱ्याला पडद्यावर दिसावं यासाठी. चंदीगडच्या कामगारांनी त्याविरुद्ध आंदोलनं केली. घड्याळ घालून संडासला जायचीही बायांना भीती वाटू लागली होती, इतका त्या यंत्राचा धाक. हे काम करणारे बहुतेक कोणत्या समाजातले, हे मी तुम्हाला सांगायला नको. कामगार जागेवर आहे की नाही हे त्या घड्याळाला कळत होतं. गटारात कोणता वायू साचला आहे, हे कळायची सोय त्यात नव्हती. मुकादमाला मजुराची सुरक्षा मोजायची नसते, हजेरी मोजायची असते.

यंत्र साधारण एकाच जातीचं. माझ्या हातात ते माझं साक्षीदार आहे, कारण आकडा आधी मला दिसतो आणि काढून ठेवायचं की नाही हे मी ठरवते. त्या सफाई कामगाराच्या हातात तेच मुकादम होतं. चळवळीनं या फरकावर बोट ठेवलं पाहिजे. उद्या मालक, ठेकेदार किंवा विमा कंपनी 'तुमच्या आरोग्यासाठी' म्हणून घड्याळ वाटेल, तेव्हा पहिला प्रश्न हा विचारा की आकडे कुणाकडं जमा होणार. पावलांवर विम्याच्या हप्त्यात सवलत द्यायची पद्धत सुरू झालीच आहे. ती सवलत कुणाला मिळेल? ज्याच्याकडं सकाळी तासभर मोकळा आहे त्याला. खुरपणारी बाई तीन हजार पावलांतच अडकणार.

शेवटी आपल्या कार्यकर्त्यांबद्दल. गेल्या काही वर्षांत चाळिशी-पंचेचाळिशीतल्या माणसांच्या किती शोकसभांना आपण गेलो? रात्री दोनला गाडीवर परत येणं, सकाळी पुन्हा निवेदन, दिवसभर चहावर, बी.पी. कधी मोजलेलाच नाही. आणि शोकसभेत आपण कौतुकानं सांगतो, भाऊंनी कधी झोप बघितली नाही. हे कौतुक आता थांबवा. लहान लेकरं आणि अर्धवट राहिलेली कोर्टाची तारीख मागं ठेवून कार्यकर्ता गेला, यात चळवळीचा तोटा आहे.

माझ्या घड्याळानं मला एवढं दाखवलं की ज्या आठवड्यात बैठका रात्री लांबतात, त्या आठवड्यात माझी झोप पाच तासांवर येते आणि पहाटेच्या नाडीचे ठोके वाढलेले असतात. तो आकडा मी बैठकीत ठेवला. आता आमच्या गटाची बैठक साडेनऊला संपते. विहारात बी.पी.चं मशीन वर्गणीतून घेतलं, दर रविवारी वंदनेनंतर सगळ्यांचा मोजतो. वस्तीतल्या आम्ही सात-आठ बाया पहाटे रस्त्यानं चालायला निघतो. सुरुवातीला गावातले विचारायचे, "काय गं, एवढ्या सकाळी कुठं?" कामाशिवाय, कुणी बोलावल्याशिवाय आमच्या बाया रस्त्यानं चालतात, याची त्यांच्या डोळ्यांना सवय नव्हती. ज्या बाया दिवसभर राबतात, त्यांना आम्ही चला म्हणत नाही. त्या दिवशी त्यांना विश्रांतीच हवी असते.

घड्याळ घ्याच असं माझं म्हणणं नाही. चार आण्याच्या वहीतही होतं. किती तास राबलो, किती तास झोपलो, एवढं महिनाभर लिहा. सालगड्यांना, ऊसतोडीला जाणाऱ्यांना लिहायला शिकवा, नाही तर त्यांच्यासाठी तुम्ही लिहा. कामाच्या तासांचा कायदा मागायला जाताना निवेदनासोबत जोडायला आपल्याकडं आपल्याच हातानं केलेली नोंद हवी. साखऱ्यात आम्ही या हंगामात पंधरा घरांपासून सुरू करतो आहोत. तुमच्या गावात कोण करणार, ते ठरवा.

जय भीम! नमो बुद्धाय!